झाकणावर दोनदा

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची. विश्वास ठेवा, नका ठेवू. पण एवढंच सांगते, खोटी गोष्ट रचणारा माणूस त्यात स्वतःला चांगलं दाखवतो. मावशीने तसं केलेलं नाही.

वेळ होती दुपारी दोनची.

पण त्या खोलीत तेव्हा रात्र असायची.

मावशी एका लॅबमध्ये पांढऱ्या उंदरांवर काम करायची. ते कशाला घाबरतात आणि किती वेळ घाबरलेले राहतात, हे मोजायचं काम. उंदीर रात्री जागे असतात आणि माणसं दिवसा कामाला येतात. म्हणून त्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर अंधार ठेवायचे. फक्त एक मंद लाल दिवा. तो उंदरांना दिसत नाही म्हणे. संध्याकाळी लख्ख दिवे लावले की त्यांचा दिवस सुरू. ही खोली मावशीने उभी केली होती. दाराच्या फटींना काळी पट्टीसुद्धा तिनेच चिकटवली होती.

मग धाकटी आली.

खरं नाव सांगत नाही. तिथले सर या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणायचे. धाकटी तीन वर्षं मागून आली, आणि बघता बघता उंदीर तिचेच झाले. उंदराला उचलण्याआधी ती पिंजऱ्याच्या झाकणावर नखाने दोनदा वाजवायची. टक टक. म्हणजे मी आलेय, दचकू नका. ते ऐकलं की सगळे नाकं वर करून पुढे यायचे.

मावशीने हात घातला की कोपऱ्यात.

"हातगुण लागतो त्याला," सर म्हणायचे. "थोरले, शीक जरा तिच्याकडून."

मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "आयत्या बिळावर नागोबा मेली!" ती घरी येऊन माझ्या आईला सांगायची. आई हसायची. "अगं, उंदरांवरून कसला सवतीमत्सर करतेस?"

पण प्रश्न नुसता उंदरांचा नव्हता. कायमची जागा एकच होती. धाकटीचा प्रयोग नीट पार पडला की ती तिलाच मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

लॅबमध्ये एक पेटी होती, तळाला सळ्या असलेली. उंदराला आत ठेवायचं, एक आवाज ऐकवायचा आणि लगेच सळ्यांतून विजेचा छोटा झटका द्यायचा. चार-पाचदा असं झालं की नुसत्या आवाजानेच उंदीर थिजतो. श्वासाखेरीज काही हलत नाही.

लागोपाठ चार दिवस, धाकटी घरी गेली की मावशी छतावरचा कॅमेरा बंद करायची आणि तिचे उंदीर एकेक करून त्या पेटीत ठेवायची. वरून नखाने दोनदा वाजवायची.

टक टक.

आणि बटण दाबायची.

पाचव्या दिवशी धाकटीने झाकण वाजवलं. एकही उंदीर हलला नाही. दुसरा पिंजरा, तिसरा पिंजरा... सगळे थिजलेले. प्रयोग गेला. धाकटी तिथेच रडायला लागली.

"ताई, माझ्या हाताला काय झालं गं?"

"होतं असं कधी कधी," मावशी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात धाकटीला ताप आला. चौथ्या दिवशी ती गेली. जागा मावशीला मिळाली.

दोन महिन्यांनी नवे उंदीर आले. धाकटीला कधी न पाहिलेले, तिची टकटक कधी न ऐकलेले. मावशी मनातून सुखावली. हे तरी आपले होतील.

त्या दुपारी दोन वाजता ती खोलीत एकटीच होती. समोर ओळीने बारा पिंजरे. भुशातली सळसळ, कुरतडणं... सगळे रोजचे आवाज. तिने आतून दार लावलं.

आणि सगळे आवाज थांबले.

मग ओळीच्या पार टोकाला...

टक टक.

टोकाच्या पिंजऱ्यातला उंदीर नाक वर करून पुढे आला.

मग त्याच्या शेजारच्या झाकणावर...

टक टक.

तोही आला. एकेक पिंजरा करत आवाज मावशीकडे सरकत होता. लाल उजेडात तिथे कुणीच दिसत नव्हतं. पण उंदीर कुणाचा तरी हात हुंगत होते.

दुसरं कुणी असतं तर पळून गेलं असतं. मावशी नाही पळाली. तिच्या पोटात तेच जुनं दुखणं उठलं. मेल्यावरसुद्धा हिच्याकडेच?

"माझे आहेत ते!" ती ओरडली. "हे तरी माझे आहेत!"

शांतता.

आणि तिच्या उजव्या खांद्यावर...

टक टक.

अगदी हलक्या नखाने. दचकू नकोस, असं सांगितल्यासारखं.

मावशी म्हणते, मी त्याच क्षणी बाहेर आले. पण सरांनी नंतर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. पिंजऱ्यांत उंदीर मजेत फिरत होते. समोर मावशी एकटी उभी होती. पूर्ण अकरा मिनिटं. श्वासाखेरीज तिचं काही हलत नव्हतं.

तिने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय.

मागच्या महिन्यात ती आमच्याकडे आली होती. ती चहा पीत बसली होती आणि मी साखर शोधत होते. डबा रिकामा आहे का पाहायला मी झाकणावर बोट वाजवलं.

मावशीचा कप हवेतच थांबला. डोळे उघडे, पापणी हलेना. मी दोन हाका मारल्या, खांदा हलवला. मग कुठे तिने कप खाली ठेवला.

"मावशी, अजून इतकी भीती वाटते?"

"भीतीचं सोड गं," ती म्हणाली. आवाजात तीच जुनी आग. "त्या नव्या उंदरांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. तरी तिच्याकडेच गेले. माझ्याकडे एक आला नाही."

मी तिला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही, सांगायचा धीरच होत नाही.

मी झाकण एकदाच वाजवलं होतं.

दुसरी टक मीही ऐकली.