बुडबुड वर्ल्डमधला अर्धा ग्लास

"सिंगल एन्ट्री नाही मॅडम, आज जोडीची ऑफर आहे," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

माझ्या मैत्रिणीने, तेजलने, ऐनवेळी कल्टी मारली होती आणि मी घाटकोपरच्या मॉलमध्ये 'बुडबुड वर्ल्ड'च्या दारात एकटीच उभी होते. बुडबुड म्हणजे लहानपणीचं आमचं लाडकं नारिंगी कोल्ड्रिंक. त्याच्या नावाने चक्क एक दुनिया उभारलीय म्हटल्यावर मी बोरिवलीहून धडपडत आले होते.

"माझाही मित्र आला नाही," मागून आवाज आला. "चालणार असेल तर... आपण जोडी होऊ? तिकिटापुरती."

वळून पाहिलं. चष्मा, चुरगळलेला निळा शर्ट, आणि हसू असं की नाही म्हणणं कठीण.

"तिकिटापुरतीच हं," मी बजावलं.

त्याचं नाव धम्मपाल, राहायला मुलुंडला. मी बोरिवलीची, असं सांगितलं.

"म्हणजे आपण शेजारीच," तो म्हणाला. "मध्ये फक्त नॅशनल पार्क आणि बिबटे."

आत सगळा आनंदीआनंद होता. दुमजली बाटलीचा रंग उडालेला, फेसाचा धबधबा बंद. 'उत्तर ध्रुव' नावाच्या खोलीत एसी बिघडलेला आणि प्लॅस्टिकच्या पेंग्विनवर एक टेबलफॅन सोडलेला.

"पेंग्विन दक्षिण ध्रुवावर असतात ना?" मी म्हणाले.

"याची बदली झालीय."

मी इतकी हसले की त्या पेंग्विनलाच धरून उभी राहिले. आणि तिथेच कळलं... हा मुलगा मला आवडला. पण या वेळी आपण आधी बोलायचं नाही. दर वेळी मीच घाई करते आणि तोंडावर आपटते. बाहेरच्या दारापर्यंत तो बोलला तर ठीक, नाहीतर राम राम.

"तुमच्या घरी बुडबुड कधी यायचं?" त्याने विचारलं.

"पाहुणे आले की. आणायला मला पिटाळायचे, पण मला घोटभरही नाही. मग पडद्याआडून पाहुण्यांच्या ग्लासावर नजर."

"त्यांनी ठेवलं तर आपलं."

"आमच्याकडे नेहमी यायचे ते नाना काही ठेवायचे नाहीत रे. बर्फसुद्धा चावून खायचे."

"माझी लतामावशी अर्धा ग्लास ठेवायची. मुद्दाम, माझ्याकडे बघत," तो हळूच म्हणाला. "तिला आवडायचं बुडबुड. तरी ठेवायची."

शेवटचं दालन चवीचं. तिथल्या बाईंनी मशीनचं बटण दाबलं, मशीन खोकलं आणि कागदी ग्लास कसाबसा एकच भरला.

"माल संपला," त्या म्हणाल्या.

"तू घे," मी धम्मपालला म्हटलं.

तो निमूट प्यायला लागला. बाहेरचं दार समोरच दिसत होतं आणि हा एक शब्द बोलत नव्हता. वाट लागली, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात त्याने ग्लास माझ्यापुढे धरला. बरोबर अर्धा.

"का? आवडलं नाही?"

"खूप आवडलं." तो ग्लासाकडे बघतच नव्हता. "म्हणून तर ठेवलंय."

मी ग्लास घेतला. कोमट, पांचट, गॅस केव्हाच उडालेला. तरी नानांसारखा तळापर्यंत संपवला.

"मलाही तू आवडलायस," मी म्हणाले. "तिकिटाच्या बाहेर."

त्याचे कान लाल झाले. आम्ही दारातून बाहेर पडलो, तरी कुणालाच निघायचं नव्हतं.

"रविवारी बोरिवलीला ये," मी म्हटलं.

"मध्ये बिबटे आहेत."

"मग वळसा घालून ये."

"येतो. पाहुणा म्हणून?"

"नको," मी म्हणाले. "पाहुणे उठून जातात... तू थांब."