मिशीवाली आणि पदरवाला

हायवेवरच्या जाम गावच्या चौकात त्या सकाळी वारा असा सुटला होता, की चहाच्या टपरीची ताडपत्री नुसती फडफड करत होती. तिच्या आडोशाला एक उंच बाई नऊवारीच्या निऱ्यांशी झगडत होती. लुगडं पिवळंजर्द, केस कमरेपर्यंत... पण निऱ्या? निऱ्या कसल्या, बोळा होता तो. देवळीच्या उज्वलाला असलं काही बघवत नाही. कप ठेवून ती तरातरा गेली.

"बाई, सोडा ते. मी घालून देते."

बाई वळली. बाईच्या हनुवटीवर दाढीची हिरवट सावली होती.

"भाऊ," बाई अगदी गंभीर होऊन म्हणाली, "आधी तुमची मिशी पाहा. अर्धी निंगून राह्यली."

उज्वलाचा हात ओठावर गेला. खरंच, डिंक सुटला होता. ती शकुंतलाबाईंच्या महिला फडात पुरुषाचं काम करायची. समुद्रपूरकडे दुपारी कार्यक्रम, पोचल्यावर सजायला वेळ मिळायचा नाही, म्हणून घरूनच धोतर-फेटा करून निघालेली. आणि ही बाई म्हणजे हिंगणघाटकडच्या फडातला नयन. खडी गंमतीत, म्हणजे विदर्भातल्या तमाशात, बाईचं काम करणारा. लोक अशाला नाच्या म्हणतात, आणि म्हणताना ओठ जरा वाकडा करतात. रात्रभर त्याच्या पायांवर टाळ्या पिटणारेच करतात, हे विशेष.

तिनं निऱ्या घालून दिल्या. त्यानं तिची मिशी बसवून दिली. बोट ओठाच्या कडेला टेकलं तेव्हा दोघंही एकदम दुसरीकडे पाहू लागले... तो संत्र्याच्या ढिगाकडे, ती ट्रककडे. ट्रककडे पाहण्यासारखं काय असतं म्हणा.

कलावंताचं आयुष्य म्हणजे भाड्याची गाडी. दिवाळी सरली की सुपाऱ्या सुरू. आज आर्वी, उद्या सेलू, परवा कुठली जत्रा. याचा फड उत्तरेला तर तिचा दक्षिणेला. पण कुठूनही कुठे जायचं तरी बरेचदा वाटेत जाम लागतंच, आणि जामला चहा लागतोच. आधी गाठ योगायोगानं पडायची. पुढं उज्वलाच ड्रायव्हरला सांगू लागली, की तर्री-पोहे जामचेच खायचे, दुसरीकडचे पोटाला बाधतात. शकुंतलाबाईंचा सारा जन्म फडात गेलेला. त्या नुसत्या म्हणायच्या, "हो बाई, पोटालेच बाधते."

पाच-दहा मिनिटांची भेट. त्यात बोलणं धंद्याचंच. पदर खांद्यावरून किती ढळला तर शोभतो आणि किती ढळला तर वंगाळ दिसतो, हे ती सांगायची. पुरुषाची चाल कशी असते, हे तो. एकदा त्यानं मिशीला ताव कसा द्यायचा ते दाखवलं.

"माणूस ताव देते तवा त्याले वाटते, सारं जग मलेच पाहून राह्यलं. तुले त खरंच पाहून राह्यलं. मी बी."

"मिशीले पाहून राह्यले का मले?"

"मिशी त माह्यापाशी बी उगवते," तो म्हणाला आणि काजळ घातलेले डोळे खाली केले. आता बाईसारखं लाजायची त्याला सवयच होती. पण कान लाल झाले, ते काही सोंगात येत नाही.

मग काय, सांगायला नकोच.

उज्वलाचा बाप ताराचंद. वांगी-मेथी पिकवायची, देवळीच्या बाजारात विकायची. एके काळी स्वतः ढोलकी वाजवायचा. पोरीचा मिशीतला फोटो त्यानं तराजूच्या वर लावलेला. गिऱ्हाईक वांगं निवडेपर्यंत हा पोरीचे पोवाडे गायचा. आता एवढ्या रसिक माणसाला नयन जावई म्हणून आवडायला काय हरकत? नयनही तसंच समजला. एकटाच गेला बोलायला, सदरा-पँट घालून, केस टोपीत कोंबून.

ताराचंदनं चहा पाजला, गुणांचं कौतुक केलं, आणि मग म्हणाला, की काम लाख चांगलं असेल, पण लुगडं नेसणाऱ्याला पोरगी दिली तर सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा उरायची नाही. केस काप, लुगडं खुंटीला टांग, मग येजो. नयन बिचारा गडबडला. बरं म्हणून आला. देवळीचा कलावंत मेळावा तेवढा शेवटचा करतो म्हणाला.

जामला त्यानं ही बातमी हसत हसत सांगितली. वाटलं, पोरगी खुश होईल.

उज्वलाच्या हातातला कप तसाच राहिला. "मले इचारलं?"

"तुह्यासाठीच त..."

"माह्यासाठी? त्या दिवशी सेलूले मी तुमचं काम पाह्यलं. नवऱ्यानं टाकलेली बाई होते तुमी. बोलले काहीच नाई, नुसती मान वळवली. माह्या बाजूची म्हातारी पदरात तोंड घालून रडली. मले त्या माणसाशी लगन कराचं आहे. केस कापलेला कोणी बी पोरगा बाबा उद्या आणून उभा करतीन."

तो म्हणाला, तुझ्या बापापुढं वाकडं बोलू कसा? ती म्हणाली, स्टेजवर हजार माणसांपुढं बोलता, तिथं कसं जमते? आणि गाडीत जाऊन बसली. पुढं किती दिवस उज्वलाला दुसरीकडचेही तर्री-पोहे बाधेनासे झाले, आणि जामला गाडी थांबली नाही. नयनचा फोन यायचा, वाजून बंद व्हायचा.

मेळाव्याचा दिवस उजाडला. देवळीच्या मैदानात मांडव, जिल्हाभरचे फड, भोंगे, धूळ, भजी. खडी गंमतीचा जुना कायदा असा, की दोन फड समोरासमोर उभे राहतात. एकाकडून पुरुष सवाल गातो, दुसरीकडची बाई जवाब गाते. जवाब अडला तर सवाल समोर बसलेल्या पंचाकडे जातो, आणि पंच बोलल्याशिवाय कोणी स्टेज सोडत नाही. चिठ्ठ्यांत शकुंतलाबाईंच्या फडासमोर हिंगणघाटचाच फड आला. आणि पंच? पहिल्या रांगेत, कोऱ्या टोपीत, जुना ढोलकीवाला ताराचंद.

सुरुवातीचे सवाल देवादिकांचे झाले. नयननं एकेकाचा जवाब असा दिला की मांडव डोलला. शेवटच्या जवाबाला ताराचंदची बोटं मांडीवर ढोलकीचा ठेका धरत होती. उज्वलानं ते पाहिलं. तिनं फेटा सारखा केला, पुढं आली, आणि कोणाला न सांगता बांधलेला सवाल टाकला—

"पोरीनं लावली मिशी, त बाप सांगे गावभर,
पोरानं घेतला पदर, त बाप बंद करे दार.
सोंग दोहीचं सारखंच, घाम दोहीचा सारखा,
सांग गे सुंदरी, मंग एकच काऊन गुन्हेगार?"

मांडव आधी हसला. मग ज्यांना त्याचा नकार ठाऊक होता त्यांनी ताराचंदकडे पाहिलं, आणि हसू हळूहळू विरलं. ढोलकीवाला ठेका धरून वाट पाहत राहिला. कधी न अडणारा नयन... अडला. उज्वलाला वाटलं, आत्ताही हा बरं म्हणून मान खाली घालणार का काय?

त्यानं हातानंच ढोलकी थांबवली. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून तो स्टेजच्या कडेला आला. आणि बोलला तो बाईच्या आवाजात नाही, स्वतःच्या जाड, जरा घोगऱ्या आवाजात. देवळीनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

"मामाजी, मी तुमच्यापाशी खोटं बोललो. लुगडं मी सोडत नाई. अन् उज्वलालेही सोडत नाई. गाण्यात बसवाले गेलो त दोन्ही बसत नाई, म्हणून असंच सांगतो. मले तुमची पोरगी लय आवडते... आता पंचानं सांगावं."

आजवर काकाजी म्हणणारा आता सासऱ्याला म्हणतात तसं मामाजी म्हणाला, हे साऱ्या मांडवानं ऐकलं. उज्वलाची मिशी थरथरत होती. वाऱ्यानं नव्हे.

ताराचंद उठला. टोपी काढली, झटकली, परत घातली. लोकांकडे एकदा पाहिलं. सोयरे त्यात होतेच की, पण तेही मान लांब करून वाट पाहत होते. कोणाच्या तोंडावर थू म्हणायचा भाव नव्हता.

"सवाल माह्या पोरीनं टाकला, जवाब माह्या जावयानं देला," तो म्हणाला. "आता पंचाले ठेवलं काय? फक्त एक. लगनाच्या दिवशी लुगडं पोरगीच नेसन. दोघं बी नेसून उभे राह्यले त भटजी पळून जाईन."

मांडव असा उसळला की भोंगा कुईं करून बंद पडला. नयन वाकून पाया पडायला गेला तर निऱ्यांत पाय अडकला, आणि धोतरातल्या उज्वलानं त्याला दंडाला धरून सावरलं. हात मात्र लगेच सोडला नाही, तोही नाही, तीही नाही.

"फोन काऊन नाई उचलला?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमी फोनवर लय गोड बोलता. मी लगेच मानली असती."

आता खरी पंचाईत सुरू झाली. ताराचंद पंचांग घेऊन आला तर शकुंतलाबाई म्हणाल्या, अक्षय तृतीयेपर्यंत एक दिवस मोकळा नाही. हिंगणघाटच्या फडानं सांगितलं, आमचा तर त्याच्याही पुढं भरला. दोन्ही गाड्या चालू होऊन उभ्या, एक आर्वीकडे निघालेली, दुसरी पुलगावकडे. आणि कालपर्यंत ज्यानं दार लावलं होतं तो बाप दोन गाड्यांच्या मधोमध उभा, कधी या खिडकीशी जातो, कधी त्या, आणि अगदी रडकुंडीला येऊन म्हणतो, "अबे, मले एक दिवस द्या ना बाप्पा. सकाळचा अर्धा द्या... मी तेवढ्यातच लावून देतो."