हाडे उत्तम

२०१४ च्या मे महिन्यात हैदराबादेत सरकारी नोकरांच्या तोंडी एकच विषय होता: राज्याची वाटणी झाली की कुणाची बदली कुठं? डॉ. मुकुंदलाही तीच चिंता होती. दिलसुखनगरचा फ्लॅट, नऊ वर्षांच्या सुमनची शाळा, सगळं इथं. त्याच्याकडे सोपवलेल्या पाहणीचा अहवाल जूनच्या आत गेला, तर त्याला इथंच ठेवणार होते.

पाहणी मुलांच्या हाडांची. मूल टेबलावर निजवायचं, यंत्राचा हात वरून फिरायचा आणि हाडांत खनिज किती, ते आकड्यात यायचं. आदिलाबादकडच्या भामाचा आकडा वयाच्या मानानं दुप्पट आला. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं हाड असं भरतं आणि ठिसूळ होतं, हे त्याला पाठ होतं. पण तसं लिहिलं की पाणी तपासा, पाहणी पुन्हा करा, म्हणजे जून हुकलाच. त्यानं लिहिलं, ‘हाडे उत्तम. पाण्यात दोष नाही.’ सही करताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याचीच चीड येते.

दिवाळीनंतर भामाची आई, कुसुमताई, एकटीच आली.

"मान वळंना झाली, मग पाय गेले. परवा पोरगीच गेली, डाक्टरसाब. तुम्ही चांगलं लिहिलं म्हणून तेच पाणी पाजत राहिले मी." ती रडली नाही. "तुम्हाला बी पोरगी हाय म्हणे. तिला बी असंच चांगलं लिहून मिळू दे."

आठवड्याभरात सुमनचे गुडघे दुखू लागले. घरात तर पाणी जारचं. मुकुंदनं तिला स्वतः टेबलावर निजवलं. पडद्यावर भामाचा आकडा आला, शेवटच्या दशांशापर्यंत तोच.

त्यानं आजार लिहिला. छापून कागद आला: हाडे उत्तम.

पुन्हा लिहिला. हाडे उत्तम.

मग हातानं लिहिलं. सही करून पाहिलं, तर त्याच्याच अक्षरात तेच दोन शब्द.

तो सुमनला घेऊन जामबागच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला. "नॉर्मल आहे की. मुकुंदराव, तुम्हीच जरा झोप घ्या."

असे तीन डॉक्टर झाले. इंदुमती, त्याची बायको, भडकली. "सगळे ठणठणीत म्हणतात, आणि बाप होऊन तुम्हीच अभद्र बोलता?"

तिसऱ्या दवाखान्यातून निघताना सुमन पुढं चालत होती. इंदुमतीनं मागून हाक मारली.

सुमननं मान वळवली नाही. पावलं सरकवत सरकवत, अख्खं अंग फिरवून तिनं मागं पाहिलं.