टेबलाखालचा खड्डा

मोठ्या नदीच्या बाबतीत मॅडमचं संगणकावरचं मॉडेल कधी चुकलं नव्हतं. किती पाऊस पडला की पाणलोटातून किती पाणी येणार, हे ते आधी सांगायचं आणि नदी मुकाट्याने तसंच वागायची. उपनदीचंही तेच. घोडं अडायचं ते ऑफिसमागच्या ओढ्यापाशी. तिथे दर पावसात हिशेबापेक्षा पाणी कमी भरायचं. मधलं कुठे जायचं, देव जाणे.

दुपारी धरणाचे मुख्य अभियंता येणार होते. ओढाही जुळला, तर यापुढे पुराचा इशारा मॅडमच्या मॉडेलवरून निघणार होता. नाही जुळला, तर इतक्या वर्षांची मेहनत कपाटात.

"मॉडेलमध्ये एक खड्डा दाखवा की," नकाशे काढणारा सहकारी म्हणाला. त्याला सगळे नकाशेबुवा म्हणत. "खोटाच. कमी पडतं तेवढं पाणी त्यात जातंय म्हणायचं. सगळेच करतात."

"मी सगळ्यांतली नाही, बुवा."

पण जेवणाआधी मॅडमनी तो दाखवला. गंमत म्हणून मॉडेलच्या नकाशावर आपल्याच ऑफिसच्या चौकोनात, आपल्याच टेबलाखाली. ओढा जुळला. उपनदी, नदी, सगळीकडे खऱ्या पाण्याच्या रेषेवर मॉडेलची रेष. मॅडमची मान आपोआप ताठ झाली.

"खड्ड्याला खोली किती दिलीत?" बुवाने विचारलं.

"दिलीच नाही. तळ कोण बघायला जातंय?"

पाहुणे आले तेव्हा पाऊस कोसळत होता. दाराशी छत्र्या निथळत होत्या. निथळलेलं पाणी बारीक धार धरून उंबरा चढलं, आत आलं आणि मॅडमच्या टेबलाखाली गेलं. तिथली फरशी मात्र ठणठणीत कोरडी होती.

बुवा वाकला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, काढा तो," तो कुजबुजला.

"काढला तर रेष हलेल."

"हलू दे ना!"

"माझी नाही हलत."

पडद्यावर ओढ्याचा खरा आकडा आणि मॉडेलचा आकडा खांद्याला खांदा लावून चढत होते. अभियंता उभे राहिले.

"मानलं बाई तुम्हाला! बोला दोन शब्द."

टाळ्या पडल्या. मॅडम टेबलामागे ताठ उभ्या राहिल्या.

त्यांनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती.

त्या पेलाभर पाणी प्यायल्या. मग आणखी एक.

टेबलावरचा पाण्याचा जग रिकामा झाला. तोंड त्या फरशीसारखं ठणठणीत कोरडंच होतं.