शेवटच्या खोलीचं कॅप्चर

दुपारी तीनच्या फेरीला सिस्टर शेवटच्या खोलीत शिरली, तेव्हा आजी गार पडल्या होत्या. ऑक्सिजनची नळी उशीवर निसटलेली होती. मदतीची बेल पलीकडच्या टेबलावर, हात पोचणार नाही अशा जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तारवालीला बोलावून घेतलं. हॉस्पिटलचं वायरलेस नेटवर्क सांभाळणाऱ्या या बाईचा तारेशी फारसा संबंध नव्हता, पण शिडी खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार!

"बाराला पोलीस येतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सिस्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होईल. ती म्हणते, अलार्म वाजलाच नाही. खरं की खोटं, तेवढं सांगा."

कोपऱ्यात टेक्निकल विभागाचे साहेब बसले होते. तारवालीचे वरिष्ठ, आणि आजींचे एकुलते एक चिरंजीव. "मशीनचा दोष काढून तिला वाचवू नका," ते म्हणाले. "माझी आई गेलीय."

"साहेब, विचारावं लागतंय. काल दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"तळघरात, सर्व्हर रूममध्ये. दोन ते तीन."

सिस्टर वॉर्डातल्या स्वतःच्या टेबलाशी उभीच होती. कुणी बस म्हणालं नव्हतं.

"खोलीत शेवटच्या कधी गेलात?"

"दोनला. नळी बसवली, बेल हातात दिली. तिचा पट्टा मनगटात अडकवला."

"मग बेल पलीकडच्या टेबलावर कशी गेली?"

"माझ्या लेकीची शपथ ताई, मला माहीत नाही."

"तुमच्या इथल्या पडद्यावर काय दिसत होतं?"

"बहात्तर ठोके. आणि कोपऱ्यात पिवळा ठिपका."

तारवालीने कपाळाला हात लावला. संपर्क तुटला की हा जुनाट पडदा शेवटचा आकडाच धरून बसतो आणि एवढासा ठिपका दाखवतो. खाटेजवळच्या मॉनिटरचा आवाज तर पेशंटच्या झोपेसाठी बंदच असतो.

"ठिपका दिसूनही उठला नाहीत?"

"त्या खोलीत तो रोज येतो नि जातो. एक्स-रेची शिशाची भिंत आहे ना मध्ये. तुमच्याकडे चार वेळा तक्रार केलीय."

तक्रारी खऱ्याच होत्या. तारवालीला स्वतःचीच चीड आली.

तिने नेटवर्कच्या कालच्या नोंदी उघडल्या. दोन ते तीन हा तास कोरा होता. नोंदी पुसण्याचा पासवर्ड दोघांकडेच होता, तिच्याकडे आणि साहेबांकडे. पण पुसलं म्हणजे मारलं असं पोलीस थोडेच धरणार! तिने शिडी लावली, शेवटच्या खोलीच्या छताला लावलेला वायफायचा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, लॅपटॉपला जोडला आणि त्याची साठवण तपासली. ती जवळजवळ भरलेली होती. वरच्या पायरीवर बसूनच तिने त्यातली फाइल शेवटपर्यंत वाचली.

पावणेबाराला तिने सगळ्यांना डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गोळा केलं.

"ॲक्सेस पॉइंट एरवी यंत्रांशी बोलतो," ती म्हणाली. "आमचा पॉइंट पॅकेट कॅप्चरवर लावला की बोलणं बंद करतो आणि हवेत कोण काय पाठवतंय ते नुसतं टिपत राहतो. तक्रार तपासायला आम्ही हे करतो, पण आधी पेशंट हलवून. काल दोन अठराला कुणीतरी आजी खोलीत असतानाच कॅप्चर लावलं, ते तीनपर्यंत चालू होतं. भिंतीमुळे दुसरा पॉइंट तिथे पोचत नाही. मॉनिटरचा संपर्क तुटला, बेलचाही तुटला. अलार्म वाजणार कुठून?"

"कोणी लावलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ज्याला हे काम हाताने करायची सवय उरलेली नाही, त्याने. फाइल कुठे पाठवायची याचा एक रकाना असतो. आम्ही रोजची माणसं तिथे लॅपटॉपचा पत्ता टाकतो. वर्षानुवर्षं नुसत्या सह्या करणाऱ्याने तो कोरा सोडला. त्याला वाटलं, पत्ता नाही म्हणजे फाइल नाही. पण रकाना कोरा राहिला की फाइल पॉइंटच्याच पोटात साठते."

साहेबांनी दाराकडे पाहिलं.

"मॉनिटर सोडला तर खोलीतली मोजून दोन यंत्रं संपर्क शोधत होती. एक बेल. बॅटरी वाचवायला ती झोपलेली असते, दाबली की उठून नेटवर्क शोधते. दोन एकवीस ते दोन अडतीस, चौदा वेळा उठली. म्हणजे बेल आजींच्या हातात होती. टेबलावर ती नंतर ठेवली, सिस्टरवर यावं म्हणून. दुसरा ऑफिसचा फोन. त्या चौदाही वेळा तिथेच, सिग्नल इतका जोरदार की खाटेला खेटूनच. तळघरातून असा येत नाही. आणि तो फोन आत्ता तुमच्या कमरेला आहे, साहेब."

साहेबांचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला.

"सोमवारी सोडणार होते तिला," ते शांतपणे म्हणाले. "घरी. पाणी दे, कूस बदल, दिवा लाव, दिवा घालव. तीन वर्षं हाका ऐकल्यात मी. नळी काढायला एक मिनिट लागलं."

"आणि या पोरीचं काय?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चिरकला.

"कुणावर तरी यायलाच हवं होतं." मग ते तारवालीकडे वळले. "चौदाच? मला जास्त वाटल्या."

तारवालीला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पोलीस आत येत होते म्हणून तिने हात आवरला.

"तुमच्यावर काही नाही आता," डॉक्टरीणबाई सिस्टरला म्हणाल्या. "उद्यापासून कामावर या."

सिस्टरने ते ऐकलं की नाही कोण जाणे. "ताई, पोटचा मुलगा समोर उभा असताना त्या कुणाला बोलवत होत्या?"

खोटं बोलणं सोपं होतं. तारवालीला ते जमलं नाही. "बेल तुमच्या टेबलावर वाजते," ती म्हणाली.

सिस्टरने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. चौदा ओळी होत्या. ती बोट ठेवून एकेक वेळ मोठ्याने वाचू लागली. साहेबांना घेऊन पोलीस जिना उतरले, तरी तिचं वाचून संपलं नव्हतं.