धाकटीच्या नावावर

"धाकटीच्या नावावर टाका. ती बोलत नाही."

हे वाक्य धाकटीच्या कानांसाठी नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारामागे चहाचा ट्रे धरून उभी होती, आणि कप किणकिणू नयेत म्हणून तिने श्वाससुद्धा आखडता घेतला होता. लग्नाला तीन महिने झाले होते. तेवढ्यात या घराने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती : दार ढकलायच्या आधी थांबायचं.

आत सासूबाई, थोरले दीर, त्यांचे वकील आणि तिचा नवरा बसले होते.

"पण तिला विचारायला हवं ना?" नवरा म्हणाला. अगदी हळू, म्हणजे विचारल्याचं समाधानही मिळावं आणि कुणाला ऐकूही जाऊ नये.

"विचारायचं काय त्यात? विचारलं की माणूस बोलतं," सासूबाई म्हणाल्या.

लोक नावावर करतात. या घरात टाकत. जुन्या गाद्या माळ्यावर टाकायच्या, तुटक्या खुर्च्या कोपऱ्यातल्या खोलीत टाकायच्या. थोरल्या सुनेलाही असंच टाकलं होतं. आता तिचा घटस्फोटाचा दावा उभा होता. घर, दोन गोदामं, शहराबाहेरची जमीन, सगळं थोरल्या दिरांच्या नावावर. उद्या तारीख होती. कोर्टाने मनाई केली की एक वीट हलवता येणार नव्हती. म्हणून आजच सगळं बक्षीस द्यायचं, धाकट्या भावजयीला. सून भाग्यवान होती, फक्त तिला अजून कळवलेलं नव्हतं.

सकाळीच थोरलीचा फोन आला होता. भाड्याच्या एका खोलीतून, नळाच्या आवाजाआडून ती बोलत होती.

"ते काहीतरी करणारेत गं. पोरीच्या डोक्यावर छप्पर राहू दे, एवढंच मागतेय मी. तू तरी बोल. धाकटे, ऐकतेयस ना?"

"हं," धाकटी म्हणाली होती. तेवढंच. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच असा राग आला की तिने धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

ती ट्रे घेऊन आत गेली. मान फक्त वकिलांनी वर केली, तीही साखरेसाठी.

"बरी आलीस," सासूबाई म्हणाल्या. "वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत शाईचं पॅड असेल बघ, टेबलाच्या खणात. घेऊन ये."

तिने मान हलवली. होकाराची तिची पद्धत तीच होती, आणि नकाराचीही.

भरदुपार होती, पण सोफ्याचे रंग उडतात म्हणून पडदे सदैव ओढलेले, त्यामुळे जिन्यात पिवळट अंधार साचला होता. दाव्यासाठी मोजदाद करणारा माणूस काल येऊन गेला होता. घड्याळ, आरसा, पितळी दिवा, दिसेल त्या वस्तूवर त्याने आकड्याची चिठ्ठी चिकटवली होती. ती चिठ्ठ्यांमधून वर चढली. आपल्या पाठीवरही एखादी असेल, असं वाटून तिने एकदा हात मागे नेऊन बघितला.

कोपऱ्यातली खोली आधीच्या धाकटीची. म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोची. कधीतरी घेणेकऱ्यांपासून वाचवायला हेच घर तिच्या नावावर टाकलं होतं, आणि संकट टळल्यावर काढून घेतलं होतं. बाई फार गुणाची, शब्दही काढायची नाही, असं सगळे कौतुकाने सांगत. ती गेली कशाने, असं विचारलं की मात्र प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवायचं.

दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला, आणि त्याच्याखाली दुसरा, ओल्या लोकरीसारखा. तिने खण ओढला. पॅड होतं. झाकण गंजून घट्ट बसलेलं. ते नखाने उचकटताना खालून हाक आली.

"धाकटे!"

ती वळली. तोंड उघडलं.

"आले..."

आवाज तिचाच होता. तोच बसका सूर, शेवटच्या अक्षराशी तसाच खाली पडणारा. पण तो तिच्या तोंडून आला नव्हता. कपाटाच्या बाजूने आला होता, अगदी जवळून.

कपाटाशी कोणी नव्हतं. मग जिन्याच्या लाकडी पायऱ्या वाजू लागल्या. एकेक, सावकाश, खाली.

तिचे पाय जागचे हलेनात. खालून बोलणं येत होतं, नेहमीचं, घरगुती.

"बस इथे. हे बघ, आपल्या घरातली गोष्ट घरातच राहावी म्हणून करतोय..."

"हं," तिचा आवाज खाली म्हणाला.

"तुला काही अडचण नाही ना?"

"नाही..."

"थोरलीचं मनावर घेऊ नकोस. चालेल ना?"

"चालेल..."

धाकटीने तोंडावर हात दाबला. ओरडू नये म्हणून नव्हे. आपले ओठ हलताहेत का, ते बघायला. हलत नव्हते. आणि सगळ्यात वाईट हे, की आपण खाली असतो तर हेच बोललो असतो, हे तिला ठाऊक होतं. अगदी याच क्रमाने.

नळाच्या आवाजाआडची थोरली आठवली. छप्पर राहू दे, एवढंच.

ती धावत सुटली. जिन्यात पाऊल घसरलं, गुडघा फुटला, तरी थांबली नाही.

दिवाणखान्यात चौघं तसेच बसले होते. सासूबाईंशेजारची खुर्ची ओढलेली होती. तिच्यासमोर पाचवा कप, अर्धा प्यालेला. तिघा पुरुषांनी दाराकडे पाहिलं.

"परत कशाला उठलीस? झालं की तुझं," थोरले दीर म्हणाले. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अगं, तू आत्ता इथे..." नवऱ्याचं वाक्य तिथेच राहिलं.

वकिलांच्या हातात कागद होता. त्यावर अंगठा उठलेला, शाई अजून ओली. ते चष्मा कपाळावर सारून बघत होते.

"या ठशात... रेषाच नाहीत," ते पुटपुटले.

धाकटीने मूठ उघडली. पॅड तिच्या हातात होतं, झाकण अजून घट्ट. अंगठा स्वच्छ.

फक्त सासूबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. डोळे कपावर, ओठ पांढरे. शेजारच्या खुर्चीची गादी खोल दबलेली होती, आणि ओल्या लोकरीचा वास आता इथे येत होता. सासूबाईंचा हात चाचपडत खुर्चीच्या पाठीकडे निघाला, ती सरळ करून टेबलाखाली सारायला.

तेव्हा धाकटी बोलली. आवाज चिरकला, पण तिच्याच तोंडून निघाला.

"मी 'नाही' म्हणतेय. उद्या कोर्टातही नाहीच म्हणणार. आणि आई, ती खुर्ची आत सारू नका... त्या अजून उठलेल्या नाहीत."