आधी स्पीकर, मग पेटी

दाजींना टीव्हीवरचं बोलणं ऐकू येत नव्हतं, निमित्त एवढंच. जन्मभर बसचं इंजिन मांडीशी घेऊन गाडी हाकली, कान त्यातच गेले. होम थिएटरचे स्पीकर होते, त्यांतले दोन फाटले आणि उरलेले चहाडी सांगितल्यासारखे कुजबुजायचे. आणि आतल्या खोलीत काडीचे चांगले धडधाकट स्पीकर धूळ खात पडले होते.

काडी म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. अंगाने काडी, म्हणून काडी. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवला. सासरी आली ती एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात त्याचा हात धरून. तो ताईच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा, म्हणून सारी गल्ली दाजी म्हणू लागली. मोठा झाला, गिटार वाजवून चार ठिकाणी नाव केलं, आणि एका कार्यक्रमाहून परतताना मोटरसायकलसकट ट्रकखाली गेला. इस्पितळाने एका पिशवीत कपडे दिले, दुसरीत गिटारचे तुकडे. ताई 'बरं' म्हणाली, दोन्ही पिशव्या घेतल्या आणि घरी येऊन शिवणयंत्रावर बसली. तेव्हापासून ती रडली नाही. बायका गळ्यात पडायला यायच्या, तर हीच त्यांची पाठ थोपटायची. दगड आहे दगड, असं मागे बोलायच्या. बोलेनात का. ताईला स्वतःलाही तसंच वाटायचं. बोटात सुई घुसली तरी ती आधी सुई तुटली का ते बघायची.

स्पीकरवाला दुपारी आला. माणूस बोलका होता.

"हे स्टुडिओचे आहेत, दाजी. यांचं मशीन यांच्या पोटातच. तुमच्या थिएटरच्या डब्याच्या जाड वायरी यांना लावल्या, तर जळून कोळसा. आपण बारीक वायरीने आवाज घेऊ आणि मध्ये हा मिक्सर बसवू."

"वाटण करायचंय का त्यात?"

"आवाजाचं वाटण, दाजी! एका तोंडाला टीव्ही. दुसऱ्या तोंडाला आत ती गिटारचा आवाज वाढवायची पेटी आहे, ती लागेल. पण ती कशाला? काढून टाकतो. वाजवतं कोण आता?"

ताईचं शिवणयंत्र खडखडत राहिलं. मग दाजी खाली मान घालून म्हणाले, "काढा."

"काढायची नाही." ताईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. "ज्याची आहे त्याने लावलीय. तोच काढेल."

"अगं..."

"लावा म्हणते ना! दोन्ही लावा."

स्पीकरवाल्याने मुकाट्याने दोन्ही लावलं. स्पीकर बाहेर टीव्हीच्या दोन बाजूंना आले. गिटारची पेटी आतच, टेबलावर राहिली. तिची एक वायर दाराखालून बाहेर मिक्सरला आली आणि दुसरी, गिटारला टोचायची, मोकळं टोक घेऊन खिळ्यावर लोंबत राहिली.

काडीचा एक दंडक होता. सुरू करताना आधी पेटी, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर, मग पेटी. उलटं केलं की स्पीकरमधून 'धप्' असा आवाज यायचा आणि तो छाती धरायचा. "ताई, पोटात लाथ बसते गं त्यांच्या!" दाजींना एवढा धीर नव्हता. ते भिंतीवरचं एकच बटण दाबून सगळं एकदम बंद करायचे. धप्. रोज धप्. ताई सांगून थकली, मग सांगायची थांबली. प्रत्येक वेळी तिची पाठ तेवढी ताठ व्हायची.

आणखी एक होतं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मोकळी वायर गुणगुणते. काडीनेच तिला दाखवलं होतं, की टोक मोकळं असलं की घुंई चालूच, टोकाला बोट लावलं की कुत्र्यासारखी भुंकते, आणि गिटारला टोचली की तोंडात घास गेलेल्या पोरासारखी गप्प बसते. स्पीकरवाल्याने गिटारचं बटण मिक्सरवर शून्यावर नेलं होतं. दाजी बाहेर गेले की ताई पेटी चालू करायची आणि ते बटण जरासं सरकवायची. एवढंसंच. शिवताना ती घुंई ऐकत बसायची. त्यात दुःख नव्हतं, सुखही नव्हतं. घरात कुणीतरी आहे, एवढंच.

एका दुपारी दाजी घरातच खुर्चीत पेंगत होते आणि टीव्हीवर एक माणूस बातम्या देत होता. बटण सरकवलेलंच राहिलं होतं. ताई कॉलर उलटवत होती. घुंई थांबली.

तिने वर बघितलं. वीज होती. टीव्ही बोलत होता. स्पीकरचे हिरवे दिवे जळत होते. फक्त घुंई नव्हती.

ती उठून आतल्या खोलीत गेली. बंद खोलीचा वास, आणि त्याच्या केसांच्या तेलाचा. पेटीचा दिवा लागलेला. वायर खिळ्यावर होती तशीच, टोक मोकळं. तिने टोकाला बोट लावलं.

भुंकली नाही.

तिने दोन बोटांत धरून दाबलं. काही नाही. वायरीच्या तोंडात घास होता.

मग बाहेर, टीव्हीतल्या माणसाच्या बोलण्याखालून, गिटारची जाड तार वाजली. एकदा. थोडी वर चढली. पुन्हा वाजली. काडी तसाच सूर लावायचा, आधी जाड तार, घाई न करता.

"कोण..." दाजी खुर्चीत उठून बसले होते. ज्या कानांना बातम्या ऐकू जात नव्हत्या, त्यांना हे ऐकू गेलं होतं. "कोण आहे आत?"

"मी आहे."

"तू काय वाजवतेस..."

"टीव्ही असेल."

"टीव्हीतला माणूस बोलतोय गं... हे त्याच्या मागून येतंय..."

तार थांबली. घुंई परत सुरू झाली. ताईला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. ती जागेवर येऊन बसली आणि कॉलर पुरी केली.

दाजींनी त्या दिवशी जेवण टाकलं. "मलाही तो पोरासारखाच होता," ते म्हणाले. "खांद्यावर बसवून फिरवलंय मी त्याला. पण असा नको गं... असा नको. काढून टाकू ती वायर."

ताई भांडायला तोंड उघडणार होती. भांडणात ती कुणाला हार जायची नाही. पण दाजींनी भरलं ताट दोन्ही हातांनी दूर सारलं, आणि ते हात तिला म्हातारे दिसले. "काढा," ती म्हणाली.

स्पीकरवाला आला. दोन्ही वायरी सोडवल्या, पेटी उचलली. "ही घेऊन जा तुम्हीच," दाजी म्हणाले. ताईने दारात उभं राहून बघितलं. पेटी त्याच्या काखेत गेली, जिना उतरली, गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. आतल्या टेबलावर धुळीत तिचा चौकोन उरला. मिक्सरला आता फक्त टीव्ही.

दिवेलागणीला दाजींनी सिनेमा लावला. आवाज स्वच्छ, बोलणं घुमत नव्हतं. ते जरा हसलेही. "बघ, म्हातारीचं खोकणंसुद्धा ऐकू येतंय." ताई बाजूला बसून भाजी निवडत होती. सिनेमा संपला. दाजी भिंतीवरच्या बटणाकडे निघाले आणि ताईने पाठ ताठ केली.

डाव्या स्पीकरचा हिरवा दिवा विझला. मग उजव्याचा.

दाजींचा हात बटणाच्या अलीकडेच थांबला. त्यांनी हळूच बटण दाबलं. टीव्ही विझला. धप् झालं नाही.

"तू बंद केलेस?"

स्पीकरचं बटण पाठीमागे असतं. उठून, वाकून, हात घालावा लागतो. ताईच्या मांडीवर परात होती.

"हो," ती म्हणाली.

"तू तर इथं..."

"हो म्हटलं ना. मीच केले."

दाजी खाली बसले. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि त्याच्याखालून उजेडाची पट्टी येत होती. तो दिवा सकाळपासून कुणी लावला नव्हता.

आत खटका पडला. पेटीचा. तो आवाज ताईने हजारदा ऐकला होता. भांड्यांच्या खडखडाटातूनही ती ओळखायची. आधी स्पीकर, मग पेटी. पेटीनंतर तो दिवा घालवायचा आणि डोळे चोळत बाहेर यायचा. 'ताई, वाढ.'

ताईने परात खाली ठेवली. फळीवरून ताटं काढली. दाजींचं, आपलं, आणि खालचं, काठ चेपलेलं, ते पुसून घेतलं.

"अगं..." दाजींनी तिसऱ्या ताटाकडे बोट केलं.

दाराखालचा उजेड गेला.